घर कुठं बघायचं?

(कोल्हापुरात युवक आणि पालकांसमोर केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल, चळवळीच्या व्यासपीठावर हा घर बघण्याचा विषय कशाला? हे तर एजंटचं काम. पण आपल्या घरांत सध्या काय बोलणं चालतं ते आठवा. पोरगं इंजिनिअर झालं, बेंगळुरूला नोकरी लागली. पोरीला हैदराबादच्या कंपनीनं बोलावलं. कुणाचा जावई गोव्याला हॉटेलात आहे. कागल सोडून दूधगंगेचा पूल ओलांडला की राज्य बदलतं, भाषा बदलते, कागदपत्रं बदलतात. आणि मग घरात पहिला प्रश्न निघतो, "राहणार कुठं? जवळ मशीद आहे का? आपली माणसं आहेत का?"

या प्रश्नाला मी हसणार नाही. ७ जून २०२३ला आपल्या या शहरात काय झालं ते तुम्ही पाहिलंय. मोबाइलवरच्या स्टेटसवरून बंद, जमाव, दगडफेक. १४ जुलै २०२४ला विशाळगडाच्या पायथ्याला गजापुरात गडावरच्या अतिक्रमणाशी संबंध नसलेल्या लोकांची घरं फोडली, मशिदीची नासधूस केली. त्यानंतर किती घरांत बायका म्हणाल्या, "आपल्या आपल्यात राहिलेलं बरं." ही भीती खोटी नाही. पण भीतीनं घर निवडलं तर त्याची किंमत काय पडते, एवढंच आज मला बोलायचं आहे. ती किंमत बहुतेक वेळा पुढची पिढी मोजते.

आधी दुसरी बाजू. आपण म्हणतो, मुसलमान आपल्या मोहल्ल्यात गोळा होतात. गोळा होतात हे खरं, पण त्यातल्या अनेकांना दुसरीकडचं दार उघडलेलंच नसतं. फोनवर सगळं ठरतं, भाडं ठरतं, डिपॉझिट ठरतं, आणि नाव सांगितलं की "आत्ताच दुसऱ्याला दिलं हो." तोंडावर नाही म्हणत नाहीत. मग सोसायटीचं नाव, आईचं नाव, मटणाचं नाव पुढं येतं.

कायदा काय म्हणतो? राज्यघटनेच्या कलम १९(१)(ङ)प्रमाणे भारताच्या कोणत्याही भागात राहण्याचा आणि स्थायिक होण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे. कलम १५ धर्म, जात, लिंग यांवरून भेदभाव करायला मनाई करतं, पण मुख्यतः ती मनाई सरकारला आहे. खासगी घरमालकानं धर्मावरून घर नाकारलं तर त्याला थेट जाब विचारणारा स्वतंत्र कायदा आपल्या देशात नाही. महाराष्ट्राच्या १९६०च्या सहकारी संस्था कायद्यात खुल्या सभासदत्वाचं तत्त्व आहे. पुरेसं कारण नसताना पात्र माणसाला सभासदत्व नाकारता येत नाही आणि नाकारलं तर निबंधकाकडे जाता येतं. पण २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं, सभासदत्व आपल्याच समाजापुरतं ठेवणारा त्या संस्थेचा उपविधी वैध मानला. म्हणजे दार बंद करायला एक कायदेशीर कडीही मिळाली.

सच्चर समितीनं २००६च्या अहवालात दोन गोष्टी एकत्र मांडल्या. असुरक्षिततेमुळे मुसलमान एका जागी गोळा होतात. आणि ते एका जागी गोळा झाले की सरकारी यंत्रणेला त्यांच्याकडे दुर्लक्ष करणं सोपं जातं. पाणी, गटार, वीज, शाळा, दवाखाना, बँक, अंगणवाडी, रेशन दुकान, रस्ता, बस या सगळ्यात ती वस्ती मागं पडते. काही बँकांनी मुस्लिमबहुल भाग कर्जासाठी नकोसे ठरवल्याची नोंदही त्या अहवालात आहे. आता हिशेब मांडा. सुरक्षित वाटावं म्हणून घर घेतलं. त्या घराला कर्ज मिळत नाही म्हणून जास्त व्याजानं पैसे उचलले. शाळा लांब म्हणून पोरगी सातवीनंतर घरी बसली. बस नाही म्हणून सुनेनं नोकरी सोडली.

अहमदाबादच्या जुहापुऱ्याचं उदाहरण बघा. १९७३ला साबरमतीला पूर आला. घरं वाहून गेलेल्यांसाठी संकलितनगर नावाची वसाहत उभी राहिली, तिथून जुहापुरा वाढला. पूरग्रस्तांत हिंदूही होते, मुसलमानही. पुढं दंगली होत गेल्या, हिंदू निघून गेले आणि शहरातले मुसलमान येत राहिले. २००२नंतर तर डॉक्टर, वकील, अधिकारीही तिथंच आले, कारण पैसा असूनही दुसरीकडं घर मिळेना. त्या राज्यात अशांत क्षेत्र कायदा आहे, १९९१चा. जाहीर झालेल्या भागात घर विकायचं तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. हेतू चांगला होता. दंगलीच्या भीतीनं कुणी कवडीमोलानं घर विकू नये. पण आज तोच कायदा एका समाजाच्या माणसानं दुसऱ्या समाजाच्या वस्तीत घर घ्यायच्या आड येतो. अहमदाबाद, वडोदरा, सुरतला जाणाऱ्यांनी इसार देण्याआधी हे विचारून घ्यावं.

मग एका समाजाची वस्ती वाईटच का? मला तसं म्हणायचं नाही. आपल्याच जिल्ह्यातलं बघा. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ ते १९४८ या काळात, वळिवड्याला सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले. सोव्हिएत रशियानं हद्दपार केलेली, हजारो मैल फिरून आलेली माणसं. त्यात बायका आणि मुलंच जास्त. ती गेली, आणि फाळणीत सिंध सोडून आलेली कुटुंबं त्याच छावणीत आली. आज आपण त्याला गांधीनगर म्हणतो. एकाच समाजाच्या निर्वासितांची ती वस्ती होती. पण त्यांनी कापडाचा व्यापार उभा केला आणि सगळा मुलूख तिथं यायला लागला. लग्नाचा बस्ता बांधायला गांधीनगरला गेला नाही असा माणूस या सभेत शोधून सापडणार नाही. कोकणातून, बेळगावकडून, गोव्यातून दुकानदार येतात. वस्ती एका समाजाची, पण रस्ता सगळ्यांचा.

दुसरं उदाहरण दसरा चौकातलं. शाहू महाराजांनी १९०६ साली मोहमेडन एज्युकेशन सोसायटी काढली, स्वतः तिचे अध्यक्ष झाले, आणि मुस्लिम बोर्डिंग उभं राहिलं. मराठा, जैन, लिंगायत अशी प्रत्येक समाजाची वेगळी वसतिगृहं. कुणी म्हणेल, महाराजांनीच पोरं वेगळी केली. पण राहायचं बोर्डिंग वेगळं असलं तरी ही पोरं शिकायला सगळ्यांच्यात जात होती. खेड्यातनं आलेल्या पोराला शहरात कुणी दारात उभं करत नव्हतं, त्याला पाय टेकायला जागा हवी होती. ते बोर्डिंग पोरानं तिथंच बसून राहावं म्हणून नव्हतं, तिथून पुढं जावं म्हणून होतं.

म्हणून वस्ती कुणाची हा प्रश्न दुसरा ठेवा. पहिला प्रश्न हा, की त्या वस्तीत बाहेरची माणसं येतात का आणि वस्तीतली माणसं बाहेर जातात का? शाळेला, बाजाराला, कामाला, बँकेला. ज्या मोहल्ल्यात वर्षभर बाहेरचं कुणी पाऊल ठेवत नाही, तिथं घर घेताना दहा वेळा विचार करा. आणि जिथं आपलं एकच घर आहे, पण शेजारी साखर मागायला येतो, तिथं आपली माणसं नाहीत असं समजू नका.

आता प्रत्यक्ष घर बघताना काय बघायचं ते सांगतो.

वस्तीत एकदा जाऊन ठरवू नका. सकाळी सातला जा, पाण्याच्या टँकरची रांग दिसते का बघा. रात्री नऊला जा, रस्त्यावर दिवे आहेत का, बायका एकट्या चालताहेत का बघा. आणि पाऊस पडल्यावर जा. आपल्याकडं पोरासोरांना पाठ असतं, राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका. २०१९ आणि २०२१चा पूर आपण विसरलेलो नाही. नव्या गावात विचारा, इथला राजाराम बंधारा कुठला? बेंगळुरूत तळ्यांच्या काठची, ओढ्यांवरची ले-आउट सप्टेंबर २०२२ला पाण्यात होती. हैदराबादेत ऑक्टोबर २०२०च्या पावसात जुन्या शहराकडच्या वस्त्या बुडाल्या. स्वस्त प्लॉट का स्वस्त आहे, हे पावसाळा सांगतो.

घर विकत घेणार असाल तर कागद बघा. आपल्याकडं गुंठेवारी म्हटलं की कान टवकारतात. तसं बेंगळुरूत बी-खाता म्हटलं की टवकारले पाहिजेत. "आपलाच माणूस आहे, भाईजान आहे" म्हणून कागद न बघता पैसे देऊ नका. आपलीच माणसं आपल्याच माणसांना बिगरशेती नसलेली जमीन विकतात, आणि फसलेला माणूस लाजेनं बोलत नाही.

शाळेचं आधी विचारा. कर्नाटकाने २०१५ साली आणि तेलंगणाने २०१८ साली राज्याची भाषा शाळेत शिकवण्याचे कायदे केले. सहावीतलं पोर तिकडं नेलं तर त्याला कन्नड किंवा तेलुगू पहिल्यापासून गिरवावी लागेल. त्याला शिकवणारं कुणी शेजारी असेल, खेळायला त्या भाषेची पोरं असतील, अशी जागा बघा. नुसत्या दखनी बोलणाऱ्यांत राहिलात तर पोरगं कामापुरतं बोलेल, पण पेपर लिहिताना अडेल.

दाखल्यांचं लक्षात ठेवा. बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी, मोमीन अशा आपल्या अनेक जमाती महाराष्ट्राच्या मागास यादीत आहेत. राज्य बदललं की तो दाखला तिथल्या राज्याच्या सवलतीला आपोआप चालत नाही. प्रवेश घेण्याआधी चौकशी करा. आणि पोचल्यावर पहिल्या महिन्यात फॉर्म ८ भरून मतदार यादीतलं नाव नव्या पत्त्यावर घ्या. ज्या वस्तीत मतं नाहीत, तिथल्या गटारीसाठी नगरसेवक फिरकत नाही.

आता बहिणींसाठी थोडं, आणि खरं तर भावांसाठी. घर पसंत कोण करतं? जो सकाळी आठला निघून रात्री नऊला परत येतो तो. त्या घरात सोळा तास कोण काढतं? तिला कुणी विचारत नाही. मशीद किती पावलांवर आहे ते विचारलं जातं, कब्रस्तानही विचारतात. पाळणाघर, लायब्ररी, बायकांचा दवाखाना, रात्री दहाची बस कुणी विचारत नाही. पुढच्या वेळी घर बघायला जाताना तिला घेऊन जा, आणि तिनं नाही म्हटलं तर ते घर नाही.

आणि एक कडू गोष्ट. तलाक झालेली, नवऱ्यानं टाकलेली बाई मदत मागायला येते तेव्हा कोर्टाचं नंतर बोलते. तिचा पहिला प्रश्न असतो, "राहू कुठं?" तिला घर नाकारणारे सगळे परके नसतात. आपल्याच मोहल्ल्यात "एकट्या बाईला नको" म्हणतात. आपल्याच मोहल्ल्यात अमुक बिरादरीला नको, दलिताला नको, बिहारी पोरांना नको, असंही चालतं. शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत, इचलकरंजीच्या मागांवर उत्तर प्रदेश-बिहारहून आलेली पोरं काम करतात. एका खोलीत किती झोपतात ते जाऊन बघा. तीसुद्धा राज्य सोडून घर शोधायला निघालेली कुणाची तरी लेकरं आहेत. बेंगळुरूत आपल्या पोराला नाव विचारून परत पाठवलं की आपल्याला राग येतो. तो राग खरा असेल तर इथल्या खोलीवर लावलेली अट काढा.

सच्चर समितीनं समान संधी आयोगाची शिफारस केली होती. तो आयोग झालेला नाही. घर नाकारण्याविरुद्ध स्पष्ट कायदा झाला पाहिजे, ही मागणी आपण करत राहू. पण कायद्याची वाट बघत घराचा शोध थांबत नाही. म्हणून दोन कामं सुचवतो. बाहेरच्या राज्यात स्थायिक झालेल्या आपल्या माणसांनी नवख्या पोरांसाठी पहिले पंधरा दिवस राहायची सोय करावी. बोर्डिंगनं जे काम केलं तेच. पाय टेकायला जागा द्यायची, आणि पुढं त्यांना आपल्याच गल्लीत डांबून न ठेवता शहरभर घर शोधायला मदत करायची. आणि इथं कोल्हापुरात ज्यांच्याकडं भाड्यानं द्यायला खोली आहे, त्यांनी आजपासून भाडेकरूला तीनच गोष्टी विचाराव्यात. काम काय, भाडं वेळेवर देशील का, ओळखीचा कागद कुठला. त्याचा करारनामा लिहून नोंदवावा. चौथा प्रश्न विचारू नये.

सभा संपल्यावर बाहेर टेबलावर एक वही ठेवली आहे. ज्यांना पहिलं काम जमेल त्यांनी डाव्या पानावर नाव लिहावं, दुसरं जमेल त्यांनी उजव्या. दोन्ही पानांवर लिहिलंत तर जास्त आनंद होईल.