मतभेदाची नोंद करा



स्काऊट-गाइडच्या मेळाव्यात अध्यक्षाने गोड बोलावे, कोणाचे मन दुखवू नये आणि जेवणाची वेळ सांभाळावी, अशी आपल्याकडची रीत आहे. जेवणाची वेळ मी सांभाळीन. बाकीच्या दोन गोष्टींची हमी देत नाही.

आजची कार्यक्रमपत्रिका मी नीट वाचली. स्वागतगीत आहे, प्रास्ताविक आहे, सत्कार आहेत, सत्काराला उत्तरे आहेत, मनोगते आहेत. खुली चर्चा अगदी तळाशी, आभारप्रदर्शनाच्या आधी, तीही वेळ उरल्यास. वेळ उरत नाही हे पत्रिका छापणाऱ्यालाही ठाऊक असते. दरवर्षी असेच होते आणि दरवर्षी अहवालात लिहिले जाते की मेळावा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडला. पार पडला हे खरे. पण वाद झालाच नाही, असे का मानायचे? वाद झाला. तो मंडपाबाहेर चहाच्या टपरीवर झाला, परतीच्या एस्टीत झाला, आणि पंधरा दिवसांनी शिक्षण विभागाकडे गेलेल्या निनावी अर्जात झाला. ज्याच्याविरुद्ध अर्ज गेला त्याला सभेत सर्वांनी मिळून शाल पांघरली होती.

याला आपण सभ्यता म्हणतो. मी याला भ्याडपणा म्हणतो, आणि हा शब्द इतिवृत्तात घ्यावा अशी सचिवांना विनंती आहे.

आपले मतभेद क्षुल्लक नाहीत. राज्य पुरस्काराच्या चाचणीला बसणाऱ्या मुलाला गाठी खरोखर येतात की त्याची नोंदवही सरांनी रात्रीत भरून दिली? मेळाव्यात पहिला क्रमांक मिळवणारे प्रवेशद्वार मुलांनी बांबू-दोरीने उभारले की गावच्या सुताराने? शिबिराची वर्गणी परवडत नाही म्हणून जी पोरे घरीच राहतात, त्यांचे काय? तृतीय सोपानाचा, म्हणजे तिसऱ्या पायरीचा, अभ्यासक्रम जुनाट झाला आहे का? शिबिरात मुलींच्या तंबूंजवळ रात्री जबाबदार गाइडर, म्हणजे गाइड पथकांच्या शिक्षिका, असतात का, की त्यांना एका खोलीत कोंडून बाहेरून कडी लावणे म्हणजे सुरक्षा? यातला प्रत्येक प्रश्न तासभर भांडण्याच्या लायकीचा आहे. यातल्या एकाही प्रश्नावर मंडपात उघड भांडण झालेले मी पाहिलेले नाही. भांडणे पाहिली ती कोणाचा सत्कार आधी आणि कोणाची खुर्ची पहिल्या रांगेत यांवरून.

आणि आपण शिकवतो काय? ऑगस्ट १९०७ मध्ये चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांचे पहिले शिबिर घेतले. त्यात बड्या निवासी शाळांतले होते आणि कामगारांच्या वस्तीतलेही होते. त्यांचे चार संघ पाडले, प्रत्येकाला एक संघनायक दिला आणि त्या पोरांच्या हाती खरी जबाबदारी दिली. पुढे त्याच पद्धतीतून कोर्ट ऑफ ऑनर आले. संघनायक गोल बसतात, पथकाचा पैसा कुठे खर्च करायचा हे ठरवतात, कोणी चुकला तर त्याचे म्हणणे ऐकून घेतात. पथकनायक सल्ला देतो, निर्णय देत नाही. तेरा वर्षांची मुले हे करू शकतात असा या चळवळीचा सव्वाशे वर्षांच्या घरातला विश्वास आहे. पन्नाशीच्या माणसांवर मात्र तिचा तेवढा विश्वास दिसत नाही. आपल्या बैठकीत कोणी उभे राहून म्हणाले की साहेब, हा निर्णय मला पटत नाही, तर शेजारचा त्याचा सदरा ओढून त्याला खाली बसवतो.

का ओढतो? कारण तो शहाणा आहे. त्याला ठाऊक आहे की आपल्यातले बरेच जण इथे स्वेच्छेने आलेले नाहीत. मुख्याध्यापकांनी स्काऊट-गाइडच्या बेसिक कोर्सचा आदेश हातात ठेवला, बॅग भरली, आलो. पुढे कित्येकांचा या कामावर जीव जडला, त्यांनी पदरचे पैसे घातले, सुट्ट्या घातल्या, पचमढीपर्यंत जाऊन प्रशिक्षणे घेतली. त्यांना माझा मनापासून सॅल्यूट आहे. पण आपल्या रचनेत एक गाठ बसली आहे. अनेक जिल्ह्यांत आयुक्ताची खुर्ची आणि शिक्षण विभागाची खुर्ची एकाच माणसाची असते. ज्याच्याशी मतभेद व्हायचा, तोच उद्या बदलीच्या कागदावर सही करणार. अशा ठिकाणी आपण जो आदर दाखवतो तो माणसाला नसतो, हुद्द्याला असतो. समोर बसलेल्या अधिकाऱ्यांना माझे सांगणे आहे: गळ्यात स्कार्फ घातला की तुम्ही स्काऊट आहात. डाव्या हाताने हस्तांदोलन करता, तसेच दोन शब्द उलटेही ऐकून घ्या. ऐकवत नसतील तर स्कार्फ काढून ठेवा आणि साहेब म्हणूनच या, आम्ही त्याप्रमाणे वागू.

गाइडर भगिनींबद्दल एक गोष्ट बोलतो आणि पुढे जातो. आज सकाळपासून रांगोळी त्यांनी काढली, औक्षण त्यांनी केले, स्वागतगीत त्यांनी गायले. बोलायला मात्र व्यासपीठावर त्यांच्यातली एकही नाही. संयोजकांनी याचे उत्तर मला खाजगीत देऊ नये.

आता इतिहासाकडे वळतो, कारण आपल्याकडे वाद निघाला की लगेच कोणीतरी म्हणते, फूट पडेल. फूट? आपली संघटना फुटीतून आणि वादातूनच जन्मली आहे. १९०९ साली बंगळूरला पहिले पथक निघाले ते गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांचे. भारतीय मुलांना दार बंद. मग भारतीयांनी आपापली दारे उघडली. आपल्या नागपुरात विव्हियन बोस यांनी भारतीय मुलांसाठी काम सुरू केले, मद्रासला अॅनी बेझंट यांनी १९१६ मध्ये संघटना काढली, तिकडे अलाहाबादला १९१८ मध्ये पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांची सेवा समिती स्काऊट संघटना उभी राहिली. १९२१ मध्ये बेडन-पॉवेल स्वतः भारतात आले. बेझंटबाईंची संघटना त्यांच्या बॉय स्काऊट संघटनेत विलीन झाली. सेवा समिती झाली नाही. भारतीय मुलांच्या चळवळीची सूत्रे भारतीयांच्या हाती हवीत, यावर ती अडून बसली. १९३७ च्या भेटीनंतर बेडन-पॉवेल भारतीयांच्या चारित्र्याविषयी जे बोलले त्याने देशभर संताप उसळला आणि १९३८ मध्ये हिंदुस्थान स्काऊट संघटना वेगळी उभी राहिली. ज्याच्या तसबिरीला आपण हार घालतो, त्याला तोंडावर नाही म्हणणारी ही माणसे होती. एवढा मतभेद आज तुमच्यातला कोणी करील?

पण माझा मुद्दा पुढेच आहे. कुंझरू हे नामदार गोखल्यांच्या भारत सेवक समाजाचे सदस्य, १९३६ पासून त्याचे अध्यक्ष. हा समाज १९०५ साली पुण्यात स्थापन झाला. त्याच्या सदस्याला सात प्रतिज्ञा घ्याव्या लागत आणि त्यांतली एक अशी की, कोणाशीही वैयक्तिक भांडण करणार नाही. ही प्रतिज्ञा पुण्यात लिहिली गेली याचे मला मुळीच आश्चर्य वाटत नाही. डेक्कन एज्युकेशन सोसायटीतले आणि सार्वजनिक सभेतले तंटे गोखल्यांनी जवळून भोगले होते. तत्त्वाचा वाद माणसाच्या अंगावर कसा जातो हे त्यांच्याइतके कोणाला कळणार? त्यांनी वादाला बंदी घातली नाही. स्वतः ते कायदेमंडळात अंदाजपत्रकाच्या चिंध्या करीत. बंदी घातली ती माणसाशी भांडण्याला. कुंझरूंनी ही प्रतिज्ञा पाळून वर्षानुवर्षे बॉय स्काऊट संघटनेशी तत्त्वाचे भांडण केले.

म्हणूनच स्वातंत्र्यानंतर एका टेबलाशी बसायची वेळ आली तेव्हा बसता आले. समोरच्या बाजूला बॉय स्काऊट संघटनेत आयुष्य घातलेले विव्हियन बोस होते. ते तेव्हा नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. शिक्षणमंत्री मौलाना आझाद आणि राज्यपाल मंगलदास पक्वासा यांनीही यात लक्ष घातले, आणि ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काऊट्स अँड गाइड्स जन्माला आली. गाइड संघटना आली ती १५ ऑगस्ट १९५१ ला, नऊ महिन्यांनी. तिच्यासाठी दार उघडेच राहिले. आपण दर ७ नोव्हेंबरला ध्वजनिधीचे स्टिकर विकतो. स्टिकर किती खपले याचा हिशेब आपण चोख देतो, दोन भांडणाऱ्या संघटना त्या दिवशी कशा एक झाल्या हे मात्र मुलांना सांगत नाही.

बोसांचे आणखी एक सांगतो. सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर १९५२ च्या अन्वर अली सरकार खटल्यात त्यांनी स्वतंत्र निकालपत्र लिहिले. निष्कर्ष बहुमताचाच, पण कारणे आपली वेगळी. पटले तिथे पटले म्हणाले, जिथे नाही तिथे वेगळे लिहिले, आणि सहकाऱ्यांबद्दल एक वावगा शब्द नाही. न्यायाधीशांना हे जमते कारण त्यांच्याकडे मतभेद लिहून ठेवण्याची सोय आहे. आपल्या इतिवृत्तात एकच वाक्य असते: ठराव सर्वानुमते मंजूर. हात कोणी वर केले होते हे विचारायची सोय नाही.

आता थोडे कडू बोलतो. आदराच्या नावाखाली गप्प बसण्याची किंमत काय असते हे अमेरिकेने दाखवून दिले आहे. तिथल्या बॉय स्काऊट संघटनेने १९२० च्या दशकापासून अपात्र ठरवलेल्या कार्यकर्त्यांच्या गुप्त फायली ठेवल्या होत्या, आणि त्यांत मुलांवरील अत्याचाराची प्रकरणे होती. २०१२ मध्ये ओरेगॉनमधील न्यायालयाच्या आदेशाने १९६५ ते १९८५ या काळातल्या बाराशेहून अधिक फायली लोकांसमोर आल्या. कित्येक प्रकरणांत आसपासच्या भल्या माणसांना सारे कळले होते. त्यांनी आपसांत, सभ्यपणे, आवाज न चढवता ठरवले की गवगवा नको, चळवळीचे नाव खराब होईल, याने राजीनामा द्यावा म्हणजे झाले. फेब्रुवारी २०२० मध्ये संघटनेला दिवाळखोरी जाहीर करावी लागली आणि ब्याऐंशी हजारांहून अधिक जणांनी भरपाईचे दावे दाखल केले. त्या बैठकांत कोणीही कोणाचा अपमान केला नसेल. अपमान करणारा एक जरी उद्धट माणूस तिथे असता तर किती मुले वाचली असती?

हे अमेरिकेतले, आपल्याकडे तसे नाही, असे आता पुटपुटू नका. आपल्याकडे २०१२ पासून पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा, कायदा आहे. अशी गोष्ट कळली, नुसती शंका आली, तरी पोलिसांना कळवणे कलम १९ ने बंधनकारक आहे आणि न कळवणे हा कलम २१ प्रमाणे गुन्हा आहे. ज्येष्ठांचा मान, शाळेची अब्रू, जिल्ह्याचे नाव यांतले काहीही त्या कायद्यापुढे सबब म्हणून चालत नाही. या एका विषयात बैठक बोलवू नका, चर्चा करू नका, समिती नेमू नका. आधी पोलीस ठाणे.

बाकी सर्व विषयांत मात्र चर्चा करा, आणि नीट करा. माझा आग्रह साधा आहे. ज्याच्याबद्दल तक्रार आहे तो समोर असताना बोला. त्याचे म्हणणे आधी त्याला पटेल अशा शब्दांत मांडून दाखवा, मग खोडा. त्याची जात, त्याची शाळा, अनुदानित की विनाअनुदानित, त्याच्या गणवेशावरचे बिल्ले, हे वादात आणू नका. वयही आणू नका, कारण तुम्ही काल आलात हे काही उत्तर होत नाही. शिबिरात मुलांच्या देखत एकमेकांवर आवाज चढवायचा नाही. काही जण म्हणतील, मुलांसमोर एकजूट दिसावी म्हणून तर आम्ही गप्प बसतो. पण मुले आंधळी नाहीत. दोन सरांच्या तंबूंतून दोन वेगळे हुकूम आले आणि दोन वेगळी स्वयंपाकघरे पेटली की संघनायकाला सारे कळते. तो कोणत्या सरांच्या बाजूने उभे राहायचे याचा हिशेब करू लागतो, आणि त्या हिशेबाला कुठल्याच सोपानात गुण नाहीत. सरांनी आणि मॅडमनी एका विषयावर वेगळी मते मांडली आणि नंतर एकाच पंगतीत जेवले, हेही त्याला दिसू द्या.

निनावी अर्जांबद्दल अध्यक्ष म्हणून एवढेच सांगतो: माझ्या कार्यकाळात माझ्याकडे आलेला निनावी अर्ज मी दफ्तरी दाखल करून मोकळा होईन. अपवाद मुलांच्या सुरक्षेचा. तिथे सही नसली तरी कागद पुढे जाईल. आणि यापुढच्या प्रत्येक इतिवृत्तात ठरावाच्या खाली विरोधी मताची नोंद नावानिशी व्हावी, असा ठराव मी आज मांडतो. त्याला विरोध असेल तर पहिली नोंद त्या विरोधाचीच होईल.

संयोजकांशी बोलून मी आभारप्रदर्शन आणि उरलेले सत्कार जेवणानंतर ढकलले आहेत. आता पाऊण तास मंडप तुमचा आहे. माझे म्हणणे ज्यांना पटले त्यांनी थांबावे. ज्यांना पटले नाही त्यांनी आधी बोलावे. सुरुवात गाइडर भगिनींच्या बाजूने करू. ध्वनिक्षेपक तिकडे द्या.