हस्ताचा पाऊस
आवडतें हवामान कोणतें असें विचारल्यास पुष्कळ लोक महाबळेश्वरचें नांव घेतील. आमचें बारामती-इंदापूर पडलें सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत. मृगाचे ढग बहुधा डोक्यावरून नुसते जातात. निरेचा कालवा ज्यांच्या शेतांतून वाहतो त्यांची गोष्ट निराळी. मला प्रिय तो सप्टेंबरअखेरचा हस्ताचा पाऊस. त्याच्या ओलीवर शाळू येतो. १९७२ सालीं तो आमच्या शिवारांत फिरकला नाहीं. आकाश निरभ्र, हवा आल्हाददायक, आणि माझी आई दुष्काळी कामावर खडी फोडीत होती. संध्याकाळीं ती पदरांत सुकडी बांधून आणी. तेव्हांपासून निरभ्र आकाशाला ‘सुंदर’ म्हणावयास माझी जीभ रेटत नाहीं. मुलांच्या निबंधांतला तो शब्द मात्र मीं कधीं खोडला नाहीं.