परीक्षेची तयारी अम्मीपासून

शिरूर-दौंडमधून नर्सिंगला गेलेली आपली मुलं-मुली लेखी पेपर निभावतात, पण ‘ओस्की’ म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षा म्हटली की हात थरथरतात.

डंडीच्या रोनाल्ड हार्डन यांनी ही पद्धत १९७५ साली मांडली, ती गुण परीक्षकाच्या मर्जीवर राहू नयेत म्हणून. प्रत्येक टेबलावर ठरलेलं काम, ठरलेला वेळ, सगळ्यांना एकच यादी. त्या यादीत आडनाव नसतं. हात धुतले का, रुग्णाचं नाव विचारलं का, बाही वर करण्याआधी परवानगी घेतली का, हे असतं.

तेव्हा आज अम्मीला पाच मिनिटं खुर्चीत शांत बसवा, हात हृदयाच्या पातळीवर टेकवा, बीपी मोजा. भावाकडे घड्याळ आणि यादी द्या; चुकलं की त्यानं टोकावं. गुण मिळतीलच. पण उद्या वॉर्डात बिचकून बसलेल्या एखाद्या खालाला तुमची ही सवय जास्त कामाला येईल.