विजयाचा ठसा

उरण तालुक्यातल्या घारापुरी बेटावर रोमन मद्यकुंभांचे तुकडे सापडले आहेत. रोमशी आपल्या किनाऱ्याचा व्यापार होता, याचा हा पुरावा.

त्याच रोमचे सम्राट युद्धातला विजय नाण्यांवर कोरत. इ.स. 70मध्ये जेरुसलेम पडल्यावर व्हेस्पेशियनने काढलेल्या नाण्यांवर खजुराच्या झाडाखाली शोक करणारी स्त्री दिसते. ती म्हणजे पराभूत ज्यूडिया.

आपल्याकडे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने वेगळी वाट धरली. क्षहरात घराण्यातला क्षत्रप, म्हणजे राज्यकर्ता, नहपान याला हरवल्यावर त्याने शत्रूचीच चांदीची नाणी घेतली आणि त्यांवर आपला ठसा मारला: एका बाजूला तीन कमानींचा डोंगर, दुसरीकडे उज्जैन चिन्ह, म्हणजे चार टोकांना वर्तुळं असलेली फुली. नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभी गावी 1906 साली नहपानाची तेरा हजारांहून अधिक नाणी मिळाली. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर हा ठसा आहे. काहींवर नहपानाचा चेहरा ठशाआडून अजून ओळखू येतो. जेता आणि जित, दोघेही एकाच नाण्यावर!

श्रोतेहो, खोदकामात जुनं नाणं सापडलं, तर ते घासू नका, वितळवू नका. जिल्हाधिकारी कार्यालयाला कळवा. तो आपल्या सर्वांचा इतिहास आहे.