न मागितलेला पहारेकरी

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आजचा विषय वरवर पाहता किरकोळ वाटेल. नव्या संगणकात आधीपासूनच भरून आलेले अँटिव्हायरस आपल्याला नको असेल, तर ते समूळ कसे काढावे, एवढेच मला सांगावयाचे आहे. परंतु या लहानशा विषयात घरातील पैसा, मुलांचा अभ्यास आणि मनातील भीती या तिन्ही गोष्टी गुंतलेल्या आहेत.

आपण बचतीतून, हप्त्यावर किंवा शिष्यवृत्तीच्या रकमेतून मुलामुलींसाठी लॅपटॉप घेता. पुष्कळ लॅपटॉपमध्ये मॅकॅफी किंवा नॉर्टनसारखे एखादे अँटिव्हायरस बसवलेले असते. आपण ते मागितलेले नसते. संगणक बनविणारी कंपनी आणि अँटिव्हायरसची कंपनी यांच्यातील व्यापारी करारामुळे ते आलेले असते. काही मुदतीपर्यंत ते फुकट चालते. मुदत संपत आली की पडद्यावर धोक्याच्या सूचना झळकू लागतात. मुलगी घाबरते, वडील कार्डाचा क्रमांक देतात आणि वर्गणी सुरू होते. पुढील वर्षी ती आपोआप कापली जाते, आणि तेव्हाचा दर पहिल्या वर्षीच्या सवलतीच्या दरापेक्षा पुष्कळदा जास्त असतो. सबब, घाबरून घेतलेला निर्णय महाग पडतो.

येथे कोणी असे समजू नये की अँटिव्हायरस ही वस्तूच निरुपयोगी आहे. १९८६ साली लाहोरच्या दोघा भावांनी लिहिलेला 'ब्रेन' नावाचा व्हायरस फ्लॉपीवरून जगभर पसरला. १९८७ साली अमेरिकेत मॅकॅफीची कंपनी निघाली. आपल्या पुण्यातही १९९० च्या दशकात कैलास आणि संजय काटकर या बंधूंनी क्विक हील उभे केले. त्या काळी संगणकाला स्वतःचा पुरेसा पहारा नव्हता, म्हणून बाहेरचा पहारेकरी नेमणे भाग होते. २०१२ साली विंडोज ८ आले आणि तेव्हापासून विंडोजमध्येच 'डिफेंडर' हे अँटिव्हायरस असते. त्याला वेगळे पैसे पडत नाहीत. घरगुती वापरासाठी आणि मुलांच्या अभ्यासासाठी ते सर्वसाधारणपणे पुरेसे आहे. मात्र बाहेरचे अँटिव्हायरस कामावर असेपर्यंत डिफेंडर सहसा बाजूला होते. दोन पहारेकरी एकाच दारावर उभे राहिले तर एकमेकांनाच अडवतील, म्हणून ही व्यवस्था आहे.

आता काढण्याचा क्रम पाहू. हा क्रम विंडोजच्या संगणकासाठी आहे.

पहिली गोष्ट पैशाची. आपण कार्डाचा क्रमांक दिला असेल, तर त्या कंपनीच्या खात्यात जाऊन आपोआप नूतनीकरण बंद करावे. संगणकातून कार्यक्रम काढला म्हणजे वर्गणी थांबली, असे होत नाही. त्या कार्यक्रमात पासवर्ड साठवले असतील तर तेही आधी उतरवून घ्यावेत.

दुसरी गोष्ट नेहमीच्या मार्गाने काढण्याची. सेटिंग्ज उघडा, ॲप्समध्ये जा, तेथे 'इन्स्टॉल्ड ॲप्स' ही यादी दिसेल. त्या कंपनीच्या नावाच्या सर्व नोंदी शोधा. एकच नोंद असेल असे नाही. उदाहरणार्थ, मॅकॅफीचे 'वेबॲडव्हायझर' पुष्कळदा वेगळे बसवलेले असते. प्रत्येक नोंदीसमोर 'अनइन्स्टॉल' निवडा. येथे कार्यक्रम सहजासहजी निरोप घेत नाही. सवलत देऊ करतो, धोक्याची आठवण करून देतो. 'राहू द्या' हे बटण मोठे व रंगीत, आणि 'काढा' हे बारीक अक्षरात, असेही आढळते. प्रत्येक ओळ वाचूनच बटण दाबावे.

यानंतर संगणक 'रीस्टार्ट' करावा; 'शट डाउन' करून पुन्हा चालू करणे पुरेसे नाही. विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' ही सोय असते. ती चालू असेल तर शट डाउन करताना प्रणालीचा गाभा जसाच्या तसा जपून ठेवला जातो. रीस्टार्ट केल्यावरच तो नव्याने उभा राहतो.

तिसरी गोष्ट अवशेषांची, आणि येथेच बहुतेकांचे काम अर्धवट राहते. व्हायरस आला की प्रथम पहारेकऱ्यालाच बाजूला करू पाहतो. म्हणून अँटिव्हायरस आपली मुळे खोलवर रोवते. त्याचे ड्रायव्हर संगणक सुरू होतानाच कामाला लागतात, आणि आपल्या फाइलींना ते कोणाला हात लावू देत नाही. या कारणाने साध्या अनइन्स्टॉलनंतरही काही भाग मागे राहू शकतात. त्यासाठी त्या त्या कंपनीनेच सफाईचे साधन दिलेले असते. मॅकॅफीचे साधन 'एमसीपीआर' या नावाने ओळखले जाते. नॉर्टनचे 'रिमूव्ह अँड रीइन्स्टॉल' आहे. त्यात पुढील पर्याय उघडून 'फक्त काढा' हा पर्याय निवडावा लागतो, नाहीतर ते काढून पुन्हा बसवते. अव्हास्टचे साधन 'सेफ मोड'मध्ये चालविण्याची शिफारस असते. ही साधने केवळ कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावीत; शोध घेताना वर दिसणाऱ्या जाहिरातीवरून घेऊ नयेत. साधन चालवून झाले की पुन्हा रीस्टार्ट करावे.

काही उत्साही विद्यार्थी 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये जाऊन तो फोल्डरच पुसू पाहतात, किंवा रजिस्ट्री साफ करणारे भलतेच कार्यक्रम आणतात. कृपया असे करू नका. फाइल गेली आणि तिची नोंद मागे राहिली, तर इंटरनेट बंद पडू शकते, प्रसंगी संगणक सुरूच होत नाही.

चौथी गोष्ट ब्राउझरची. सर्व काढूनही 'तुमची मुदत संपली' असे संदेश येत राहिले, तर ते बहुधा त्या कार्यक्रमाचे नसतात. पूर्वी कधीतरी एखाद्या संकेतस्थळाला 'सूचना पाठविण्याची' परवानगी दिली गेलेली असते आणि ते नामांकित कंपनीचे सोंग घेऊन भीती दाखवीत असते. ब्राउझरच्या सेटिंग्जमधील 'नोटिफिकेशन्स'मध्ये जाऊन ती परवानगी काढून घ्यावी. अशा संदेशातील दूरध्वनी क्रमांकावर कदापि बोलू नये. फसवणूक होऊन पैसे गेलेच, तर विलंब न लावता १९३० या शासकीय मदत क्रमांकावर कळवावे.

पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: जुना पहारेकरी गेला, आता दारावर कोण आहे, हे स्वतः पाहावे. 'विंडोज सिक्युरिटी' उघडून 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'मध्ये जा. तेथे डिफेंडर चालू असल्याचे दिसले पाहिजे. लगेच अद्ययावत करून एकदा तपासणी करावी. डिफेंडर चालू होत नसेल तर अवशेष शिल्लक आहेत असे समजून सफाईचे साधन पुन्हा चालवावे. विंडोजचे अद्ययावतीकरणही थांबवू नये. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय'ने जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा त्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेली होती. पुष्कळांनी ती बसवलीच नव्हती. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, हेही जुन्या संगणकाच्या मालकांनी ध्यानी घ्यावे.

दोन खुलासे करून थांबतो. एक, आपण विचारपूर्वक पैसे भरून एखादे अँटिव्हायरस घेतले असेल आणि आपले समाधान असेल, तर ते खुशाल ठेवावे; फक्त एका वेळी एकच असावे. दोन, शाळेचा, महाविद्यालयाचा किंवा कचेरीचा संगणक ही आपल्याकडे असलेली अमानत आहे. तेथील अँटिव्हायरस जबाबदार व्यक्तीला विचारल्याशिवाय काढू नये.

मित्रहो, पवित्र कुरआनच्या अवतरणाचा आरंभ वाचनाच्या आज्ञेने झाला, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ती आज्ञा पुस्तकापुरतीच का मानावी? पडद्यावर जे लिहून येते तेही वाचावे, समजून घ्यावे आणि मगच 'होय' म्हणावे. ज्या घरात मुलगी स्वतः वाचून सांगते की 'अब्बा, याला पैसे द्यायची गरज नाही, आपला पहारा चालू आहे', त्या घरात शिक्षणाचा खरा उपयोग झाला असे मी मानतो.