करूळ घाटातलं धुकं आणि घरचे फॉग लॅम्प

गगनबावड्यावरून करूळ घाट उतरताना पावसाळ्यात बोनेटपुढचं दिसत नाही, माहितीये ना? मग आपला भावा झगझगीत एलईडी बल्ब आणून हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये कोंबतो. तो रिफ्लेक्टर फिलामेंटच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला असतो. चिप जरा सरकली की उजेड वर उडतो आणि धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यात येतो. समोरून एसटी आली तर तिचा ड्रायव्हरही आंधळा. अन् एका बाजूला दरी!

त्यापेक्षा हॅलोजनच ठेवा, वायरिंग सुधारा. 55 वॉटचे दोन बल्ब 12 व्होल्टवर 9 अँपिअरच्या वर ओढतात. स्विचवर भार नको, रिले लावा आणि बॅटरीजवळ 15 अँपिअरचा फ्यूज.

शेवटी सपाट जागी, भिंतीपासून 25 फुटांवर गाडी लावून बघा. उजेडाची वरची कड लॅम्पच्या मध्यापेक्षा 4 इंच खाली यायला हवी.