बुधवारची एकवीरा



थेरगावात आमची इमारत डांगे चौकापासून चालत दहा मिनिटांवर आहे. तीन मजले, लिफ्ट नाही. तळमजल्यावर एक मावशी राहतात. वय चौऱ्याहत्तर. मूळच्या उरणकडच्या, कोळी. यजमान भोसरीच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते. ओतकाम करण्याआधी त्या भागाचा हुबेहूब लाकडी नमुना करावा लागतो. तो करणारा माणूस हाडाचा सुतार असतो, फक्त कंपनीत त्याला इंग्रजी नाव मिळतं. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा नोकरीनिमित्त परराज्यात. राहता राहिले मावशींचे दोन गुडघे, आणि त्यातला उजवा डॉक्टरांनी बदलायला सांगितलेला.

गेल्या भाद्रपदात त्या आमच्याकडे आल्या. चहा झाला. मग म्हणाल्या, "भाऊ, ऑपरेशनाच्या आधी एकवीरेची ओटी भरायचीय. तुम्ही आणि भाभी न्याल का?"

मी लगेच हो म्हणालो नाही, हे आधी सांगून टाकतो. कार्ल्याची गर्दी मी पाहिलेली आहे. बी.ए.ला असताना कॉलेजच्या सहलीबरोबर तिथे गेलो होतो. तो रविवार होता. आमच्या सरांनी लेण्यासमोर उभं राहून अर्धा तास व्याख्यान दिलं. त्यातला एक शब्दही ऐकू आला नाही, कारण शेजारी देवळाची घंटा, ढोल आणि दर्शनाची रांग. लेण्यात शिरलो तर पुढच्याच्या मानेपलीकडे काही दिसेना. भारतातलं सगळ्यांत मोठं चैत्यगृह पाहून आलो असं मी घरी सांगितलं खरं, पण पाहिलेली होती ती माणसांची डोकी.

तेव्हा माझ्या तोंडून नेहमीचं वाक्य निघालं, "मावशी, गर्दी ओसरू दे, मग बघू."

आणि बोलता बोलताच मी थांबलो. हेच वाक्य मी माझ्या अम्मीला सांगत असे. तिला कल्याणजवळच्या हाजी मलंगला जायचं होतं. तोही डोंगर, तिथेही भरपूर पायऱ्या, आणि माघी पौर्णिमेच्या उरुसाला माणसांची नुसती दाटी. मी म्हणायचो, उरूस होऊन जाऊ दे. उरूस झाला की ऊन वाढायचं. उन्हानंतर पाऊस. पावसानंतर माझीच काही कामं. अशी चार वर्षं गेली आणि अम्मीही गेली. गर्दीला मी नुसतं निमित्त केलं होतं. गर्दी कधी असते आणि कधी नसते, हे मी बसून कधी पाहिलंच नव्हतं.

म्हणून या वेळी भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर ठेवलं आणि मावशींना म्हटलं, "बसा. आत्ताच ठरवू."

आधी नको ते दिवस खोडले. चैत्रात शुद्ध षष्ठी, सप्तमी, अष्टमी हे एकवीरेच्या यात्रेचे दिवस. मुंबई, ठाणे, रायगडातून कोळी-आगरी समाजाच्या पालख्या येतात, चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंचीही ती कुलदेवता. त्या दिवसांत गडावर पाय ठेवायला जागा नसते. चैत्र तर लांबच होता. नवरात्र जवळ होतं, ते खोडलं. वर्षभरातले रविवार खोडले. पावसाळ्यातले शनिवारही, कारण तेव्हा देवीची नाही तर लोणावळ्याच्या धबधब्यांची गर्दी जुन्या हायवेवर तुंबते. मग मंगळवार आणि शुक्रवार, हे देवीचे वार. तिथे मावशी अडल्या.

"मंगळवार कसा खोडता? ओटी मंगळवारचीच."

मी बोललो नाही. माझ्या मनात २००५ सालचा मांढरदेव होता. वाईजवळच्या काळूबाईच्या यात्रेत, २५ जानेवारीला, शाकंभरी पौर्णिमेच्या दिवशी चेंगराचेंगरी झाली. अरुंद वाट, फोडलेल्या नारळांच्या पाण्यानं निसरडी झालेली फरशी, वर दुकानांना लागलेली आग. अडीचशेहून अधिक माणसं गेली. त्यातल्या कुणाचाही काही गुन्हा नव्हता. सगळ्यांनी योग्य दिवस निवडला होता, आणि सगळ्यांनी एकच निवडला होता. आणि अलीकडचं, आमच्याच मावळातलं उदाहरण घ्यायचं तर १५ जून २०२५चं कुंडमळ्याचं. इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल रविवारच्या गर्दीनं कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. पाण्यात पडलेल्यांतले कितीतरी तासाभरापूर्वी घरून डबा घेऊन निघालेले असणार.

हे सगळं मी मावशींना सांगितलं नाही. ऑपरेशन समोर असलेल्या बाईला काय सांगायचं! पण माझ्या तोंडाकडे पाहून त्यांनी ओळखलं असावं. थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "बुधवार बघा. बुधवारी देवीलाही जरा निवांतपणा असेल."

वार ठरला. आता वेळ. इथे माझा स्वार्थ होता, तोही कबूल करतो. मला लेणं पाहायचं होतं, आणि उजेडात पाहायचं होतं. कार्ल्याचं चैत्यगृह पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी ते डोंगराच्या सावलीत असतं. दुपार कलली की दर्शनी भागावरच्या घोड्याच्या नालेसारख्या मोठ्या गवाक्षातून उजेड आत शिरतो आणि थेट स्तूपाकडे जातो. म्हणजे मला तीन-साडेतीनची वेळ हवी. मावशींना मात्र ऊन चढण्याआधी पायऱ्या संपवायच्या होत्या. पुन्हा लेणं पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे, त्याला तिकीट आहे आणि संध्याकाळी ते बंद होतं. देवळाचं तसं नाही.

आमच्या हिनं तोडगा काढला. मार्गशीर्षात जा. दुपारचं ऊन तेव्हा अंगाला बरं वाटतं. अडीचला चढायला लागा, आधी देवी, मग लेणं. एवढी साधी गोष्ट दोन कवितासंग्रह नावावर असलेल्या माणसाला सुचली नाही!

जाण्याचा प्रश्न उरला. चिंचवड स्टेशनहून लोकल पकडली तर तासाभरात मळवली. तिथून कार्ला उत्तरेला, भाजे दक्षिणेला. एकट्यानं जायला याहून सोपी वाट नाही. पण दुपारी लोकल विरळ, चिंचवडच्या जिन्यावरून फलाट गाठायचा, मळवलीला उतरून पुन्हा रिक्षा शोधायची. गुडघ्याचा विचार करता गाडीच बरी. इमारतीतल्या एका मुलाची गाडी ठरवली. देहूरोड, वडगाव, कामशेत करत कार्ला फाटा, सगळं मिळून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. गाडी डोंगराच्या अर्ध्यापर्यंत जाते, त्यामुळे पायथ्यापासूनच्या निम्म्या पायऱ्या वाचतात. उरलेल्या मात्र चढाव्याच लागतात.

त्यांची तयारी मावशींनी आमच्या जिन्यावर केली. महिनाभर रोज संध्याकाळी तळमजल्यापासून गच्चीपर्यंत. पहिल्या दिवशी पहिल्या मजल्यावर बसल्या. आठवड्यानं आमच्या दारापर्यंत आल्या. मुलं मोठ्यानं पायऱ्या मोजायची. गच्चीवर पोचल्या त्या दिवशी त्यांनी सगळ्या इमारतीला पेढे वाटले. मी म्हटलं, देवीच्या आधीच पेढे? तर म्हणाल्या, "हे गुडघ्याचे."

ओटीचं सामानही इथूनच घेतलं. साडी-खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना दुकानं आहेत, तिथे सगळं मिळतं. पण तिथे थांबलं की मागचा खोळंबतो आणि हाक मारणाऱ्या चार दुकानदारांना नाही म्हणण्यात निम्मा दम जातो. पिशवी माझ्या खांद्यावर, पाण्याची बाटली हिच्याकडे, मावशींच्या हातात फक्त काठी. असं कडक वाटप होतं.

वाटेत ड्रायव्हर मुलानं विचारलं, "काका, तुम्ही पण दर्शन घेणार?" मी म्हटलं, मावशी सांगतील तसं. त्यानं आरशातून मावशींकडे पाहिलं. त्या झोपल्या होत्या.

दहा पायऱ्या, मग थांबा, असं करत वर पोचायला पाऊण तास लागला. बुधवार होता, तरी रांग होती. पण ती चालती होती. वर गेल्यावर नीट पाहिलं तर रचना अशी : लेण्याकडे तोंड करून उभं राहिलं की डाव्या हाताला सिंहस्तंभ, वर पाठीला पाठ लावून बसलेले चार सिंह. उजव्या हाताला, अगदी खेटून, एकवीरेचं देऊळ. तिथे एके काळी दुसरा स्तंभ असावा असं जाणकार म्हणतात. दर्शनाची रांग लेण्याच्या दारासमोरून जाते, पण मान वळवून तिकडे पाहणारे थोडे. त्यांना दोष कशाला द्या? ते ज्या कामाला आले ते करतात. आणि लेणं पाहायला येणारे आम्ही तरी कुठे देवीकडे पाहतो?

मावशींची ओटी दहा मिनिटांत झाली. महिनाभराच्या जिन्याचं काम दहा मिनिटांत. बाहेर आल्या तेव्हा डोळे ओले होते, काही बोलल्या नाहीत. हिनं त्यांना पाणी दिलं. मला वाटलं, आता त्या ओट्यावर बसतील आणि मी एकटाच लेण्यात जाऊन येईन. पण त्या काठी टेकत माझ्यामागे आल्या.

आत गेलो आणि मी गप्प झालो. एकशे चोवीस फूट लांब, पंचेचाळीस फूट रुंद, छेचाळीस फूट उंच, असं पुस्तकात वाचलेलं असतं. प्रत्यक्षात एवढंच कळतं की आपला आवाज आपोआप खाली आला. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खांब, त्यांच्या माथ्यावर हत्ती आणि हत्तींवर बसलेली जोडपी. स्तूपामागे सात साधे अष्टकोनी खांब. आणि छताला लाकडाच्या कमानी. सगळं डोंगर कोरून केलेलं, तिथे लाकडाची गरज काय? छत त्यांच्यावर तोललेलं नाही. त्याआधी चैत्यगृहं लाकडाची बांधत, म्हणून दगडात कोरतानाही त्या लाकडी घराची आठवण वर बसवून ठेवली. दोन हजार वर्षं ते सागवान तिथे आहे. स्तूपावरची छत्रीही लाकडाची.

शिलालेख मला पुस्तकातून माहीत होते, ते मी मावशींना सांगत गेलो. वैजयंतीचा, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बनवासीचा, भूतपाल नावाचा श्रेष्ठी. त्यानं लिहून ठेवलंय की हे शैलगृह साऱ्या जंबुद्वीपात उत्तम आहे. आमच्या डांगे चौकातले बिल्डरांचे फलक याच्यापुढे काहीच नाहीत; फरक इतकाच की भूतपालाचं म्हणणं बरंचसं खरं निघालं. सिंहस्तंभ महारठी अग्निमित्रणक याचं दान. खांब कुणी एका राजानं दिलेले नाहीत. धेनुकाकट नावाच्या गावचे व्यापारी, त्यांत यवनही, भिक्षू, भिक्षुणी, ज्याला जमेल त्यानं एकेक दिला. यवन म्हणजे बाहेरून आलेला माणूस. तो इथे दोन हजार वर्षांपूर्वी खांबाचे पैसे देऊन गेला आणि स्वतःचं नाव इथल्या भाषेत कोरून गेला. त्या खांबाला मी जरा जास्त वेळ हात लावून उभा राहिलो. भिक्षूंसाठी लेखांत 'थेर' हा शब्द येतो. त्यावरून आमच्या थेरगावाशी नातं जोडायचा मोह झाला, पण तो कवीचा चाळा, इतिहास नव्हे.

मग मी म्हटलं, "मावशी, दाराच्या कामावर एका सुताराचं नाव आहे. सामी. वेणुवासाचा मुलगा, धेनुकाकटचा."

"सुताराचं नाव लिवलंय?"

"हो."

त्या मागे वळून दाराकडे पाहत राहिल्या. मग मान वर करून कमानींकडे. गवाक्षातून उजेड आला होता, त्यात लाकडाचा कडा दिसत होता. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "आमच्या ह्यांनी चाळीस वर्षं नमुने केले. ओतकाम झालं की नमुना अडगळीत, नाहीतर चुलीत. घरी एक आणला होता, पंख्याच्या पात्यासारखा. मी त्याच्यावर भाकरीची परात ठेवायची."

मी विचारलं, आहे का अजून तो? त्या म्हणाल्या, असेल माळ्यावर.

तेवढ्यात राखणदारानं शिट्टी फुंकली. दर्शनाची रांग बाहेर वाढत चालली होती, तिचा आवाज आत येत होता. उतरताना गुडघा जास्त दुखतो, हे आमच्या आराखड्यात राहून गेलं होतं. एकेक पायरी आडवं पाऊल टाकत उतरलो, आणि अर्ध्या वाटेवर अंधार पडला. पुढच्या वेळी बॅटरी हवी, हे हिनं तिथेच नोंदवून ठेवलं. ज्यांना पायऱ्या जमतात पण गर्दी अजिबात नको, त्यांनी समोरच्या भाज्याला जावं. ते कार्ल्याहूनही जुनं आहे आणि तिथे कुणी ढकलत नाही. पण तिथे ओटी भरायची सोय नाही, हे मावशींचं मत.

ऑपरेशन नीट झालं. परवा त्या जिना चढून वर आल्या, न थांबता. हातात जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला तो लाकडी नमुना होता, माझ्याकडे ठेवायला दिला. चहा पिताना मी अम्मीची गोष्ट पहिल्यांदाच त्यांना सांगितली. ऐकून घेतलं, कप खाली ठेवला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट केलं.

"काढा ते भाऊ. मलंगला बुधवारी गर्दी असते का हो? माघी पौर्णिमा तेवढी खोडा आधी."